मदत हवी आहे: छातीतली अनियमित धडधड (एएफ). तीन डॉक्टर, तीन मतं. रक्त पातळ करायची गोळी घ्यावी का? ॲब्लेशन (नळी घालून हृदयातला बिघाड करणारा भाग निकामी करणं) करावं का?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे लोणच्यांच्या धाग्यांवर दिसते, आज स्वतःच्या दुखण्याचा धागा काढतेय. लांबलाय, त्याबद्दल आधीच माफी.

वय ५४. कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. सहा वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू. साखर नाही, थायरॉइड दोनदा तपासलं, नॉर्मल. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. हे मुद्दाम लिहितेय, कारण दोन वर्षं प्रत्येक डॉक्टरने माझी धडधड त्याच खात्यावर जमा केली.

पहिल्यांदा झालं ते वर्गात. फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहीत होते आणि छातीत एकदम पारवा कोंडल्यासारखी फडफड सुरू झाली. जिना चढल्यावर होते ती धडधड मला माहीत आहे, तिला निदान ताल असतो. इथे दोन ठोके घाईने, मग एक गायब, मग तीन एकदम. हातपाय गळाले. खडू ठेवून खुर्चीत बसले. पोरं म्हणाली, "बाई, पाणी आणू का?" वीसेक मिनिटांनी जशी आली तशी गेली. त्यानंतर तासभर मात्र सारखं लघवीला जावं लागलं. याचा संबंध काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग दर पंधरा-वीस दिवसांनी हेच. गावातून कराडला पोचायला पाऊण तास लागतो, तोवर ठोके ताळ्यावर आलेले. ईसीजी काढला की नॉर्मल. चोवीस तासांचं होल्टर (अंगावर बांधायचं ईसीजीचं यंत्र) बांधलं, तर त्या दिवशी हृदय अगदी गुणी बाळासारखं वागलं. "ॲसिडिटी आहे", "टेन्शन घेता ताई तुम्ही", झोपेची अर्धी गोळी. घरात बीपी मोजायचं यंत्र आहे, त्यावर आकड्यांशेजारी कधीकधी एक बदामाचं चिन्ह लुकलुकायचं. मला वाटलं सेल संपत आलेत. सेल बदलले. (हसू नका.)

शेवटी पकडलं ते आमच्या गावच्या जुन्या डॉक्टरांनी. सर्दीसाठी गेले होते. त्यांनी मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरता एक मिनिट काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "घरी जाऊ नका, इथेच ईसीजी काढू." ठोके १४६, आणि पट्टीवर कुठल्याच दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नाही. निदान: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफ.

खरा घोळ इथून पुढे आहे. कराडच्या फिजिशियननी ठोक्यांचा वेग कमी करायला मेटोप्रोलोल २५ दोन वेळा आणि रक्त पातळ करायला ॲपिक्साबॅन ५ दोन वेळा दिलं. मुलाच्या ओळखीने एका कार्डिओलॉजिस्टना दाखवलं, ते म्हणाले, "या वयात रक्त पातळ कशाला करायचं? ते बंद करा, ॲस्पिरिन ७५ पुरे." पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तिथले ईपीवाले (हृदयातल्या विजेचे तज्ज्ञ) डॉक्टर म्हणाले ॲब्लेशन करून टाका, जितकं लवकर तितकं चांगलं. त्यांनी चार मिनिटं दिली. काउंटरवरच्या मुलीने आधी पॉलिसी विचारली, मग नाव.

आता माझ्या ड्रॉवरमध्ये दोन्ही स्ट्रिपा आहेत. गेले नऊ दिवस ॲस्पिरिन घेतेय आणि रात्री झोप लागत नाही. कारण माझे सासरे. २०१६ मध्ये एका सकाळी चहाची बशी उचलताना त्यांच्या हातातून निसटली, तोंड वाकडं झालं, आणि पुढची चार वर्षं उजवी बाजू गेलेली. त्यांनाही हेच होतं म्हणे, पण कळलं ते लकवा झाल्यावर दवाखान्यात. ती चार वर्षं त्यांचं सगळं मी केलंय. त्यामुळे "काळजी करू नका" असं कृपया कुणी लिहू नका.

तर कुणाचं ऐकू? ॲब्लेशन केलं तर गोळ्या सुटतात का? आणि कुणी करून घेतलं असेल तर खरं खरं सांगा, दुखतं किती?

– फळा_खडू

स्टेथो_निवृत्त:

फळा_खडू ताई, मी एमडी मेडिसिन, आता निवृत्त. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे घेऊन तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गुठळी (ॲपिक्साबॅन), वेग (मेटोप्रोलोल) आणि ताल (ॲब्लेशन). प्रत्येक डॉक्टर यातल्या वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय, म्हणून तुम्हाला ते भांडताहेत असं वाटतं.

आधी गुठळी. एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, तिथे रक्त साचून गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की सासऱ्यांना झालं ते होतं. हा धोका धडधड जाणवते किती यावर ठरत नाही, वय आणि इतर आजारांवर ठरतो. त्यासाठी गुणांची एक पद्धत आहे: बीपी १, मधुमेह १, हार्ट फेल्युअर १, रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ पासून पुढे २, आधी लकवा होऊन गेला असेल तर २. जुन्या पद्धतीत स्त्री असण्याचा १ गुण होता. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. म्हणजे जुन्या हिशेबाने तुम्ही २, नव्याने १. नव्या हिशेबात दोनला गोळी घ्याच म्हणतात, एकला विचार करावा म्हणतात; जुन्यात स्त्रियांसाठी हेच आकडे तीन आणि दोन होते. तुम्ही बरोब्बर कुंपणावर आहात, त्यामुळे मतं दोन पडणं समजू शकतो. पण ॲस्पिरिन हा मधला मार्ग नव्हे. एएफमधल्या गुठळीवर ते फारसं चालत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र देतं. घ्यायचं तर ॲपिक्साबॅनसारखं औषध, नाहीतर काहीच नाही. माझं वैयक्तिक मत घेण्याकडे झुकतं. मात्र स्ट्रिप स्वतःच बदलू नका. कराडच्या डॉक्टरांना उद्याच फोन करा.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत. इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का, आणि त्यात मायट्रल झडप अरुंद आहे का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण बरेच आहेत, आणि झडप चांगलीच अरुंद असेल तर या नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनं वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमारॉलच लागतं. अशाच रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात २०२२ मध्ये रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुनी औषधंच सरस ठरली. दुसरं, गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक वगैरे वेदनाशामक घेता का? रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते टाळावं लागतं.

लघवीचं: वरचे कप्पे ताणले गेले की एक संप्रेरक सुटतं, ते मूत्रपिंडांना पाणी टाकायला लावतं. तुम्ही वर्गात बसल्या बसल्या छान निरीक्षण केलंत.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, तर थेट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते. भोवळ येऊन पडलात किंवा छातीत दुखलं तरी थांबायचं नाही.

सोलकढी:

माझं ॲब्लेशन २०२३ मध्ये मुंबईत झालं, तेव्हा वय ५१. क्रायो प्रकारचं, म्हणजे फुगा घालून गोठवतात. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून नळी वर नेतात. फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या चार शिरा असतात, चुकीचे विजेचे ठोके बहुतेक तिथून सुटतात, म्हणून त्यांच्या तोंडाभोवती वर्तुळाकार जखम करून त्या भागाचा विजेचा संबंध तोडून टाकतात. बोर्डोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये हे शोधून काढलं, असं आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. चित्र काढणारा डॉक्टर मिळेपर्यंत मी सही केली नव्हती. तुम्हीही करू नका.

दुखणं: भूल होती, कळलं नाही. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं, माझ्यासाठी तोच भाग नको झाला. पाठ अक्षरशः बोलायला लागली. मांडी आठवडाभर जांभळी. दुसऱ्या महिन्यात पुन्हा धडधड झाली आणि मी रडले, पैसे गेले म्हणून. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड हिशेबात धरत नाहीत, जखमा भरताना होते. नंतर थांबली. आता वर्षातून एखादी चुणूक येते.

तुमच्यासारखी येऊन-जाऊन असणारी एएफ असेल तर शंभरात ७० च्या आसपास लोकांना एका वेळेत वर्षभर आराम मिळतो, असं मला सांगितलं होतं. हृदयाभोवती रक्त साचण्यासारखे धोकेही सांगितले, शंभरात एखाद्याला. गोळ्या सुटण्याबद्दल: रक्त पातळ करणारी गोळी त्यानंतर किमान दोन-तीन महिने सक्तीची, आणि पुढे स्टेथो काकांनी सांगितलेल्या गुणांवर. ठोके सरळ झाले म्हणून ती आपोआप बंद होत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

वनौषधी_प्रेमी:

अर्जुनसालीचा काढा दुधात उकळून सकाळ-संध्याकाळ. तीन महिन्यांत सगळ्या गोळ्या बंद होतील. अनुभव आहे.

मातीची_चूल:

@वनौषधी_प्रेमी, तुमचा अनुभव नक्की एएफचाच आहे का? ताईंच्या सासऱ्यांचं वाचलंत ना वर? काढा घ्या न घ्या, पण गोळ्या बंद करा असं लिहू नका, कुणीतरी खरंच करतं.

ताई, माझ्या आईची झडप खराब. फुग्याने उघडली, तरी ठोके अनियमितच. गेली अकरा वर्षं ॲसेनोकूमारॉल. दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याची तपासणी), दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं पालेभाज्या बंद, आणि आई बिचारी मेथीकडे बघून उसासे टाकायची. नंतर कळलं, बंद करायच्या नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. आता आठवड्यात दोनदा ठरलेली जुडी. तुमच्या ॲपिक्साबॅनला ही भानगड नाही, पण एक वेळही चुकवून चालत नाही, कारण असर बारा तासांत उतरायला लागतो.

परदेशी_पाखरू:

मलाही अशी धडधड व्हायची, पण माझी एसव्हीटी (धडधडीचा वेगळाच प्रकार) निघाली. बटण दाबल्यासारखी सुरू, बटण दाबल्यासारखी बंद, वेग १९०, पण ताल घड्याळासारखा. सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायचं आणि लगेच उताणं पडून पाय वर उचलून धरायचे, निम्म्या वेळा थांबायची. शेवटी ॲब्लेशनने कायमची गेली. हे एवढ्यासाठी लिहितोय की फुंकण्याची युक्ती एएफवर चालत नाही. नेटवर दोन्हींची खिचडी झालेली असते. "ॲब्लेशनने ९५ टक्के बरे" असं कुठे वाचलंत तर ते बहुधा आमच्या एसव्हीटीचं असेल, तुमच्या एएफचं नाही.

स्टेथो_निवृत्त:

@परदेशी_पाखरू, उत्तम मुद्दा.

ताई, एक राहिलं. घोरता का? झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल आणि तो तसाच ठेवला तर ॲब्लेशननंतरही एएफ परत येण्याची शक्यता वाढते. वजन आणि बीपीचंही तेच. तुमचं बीपी एका गोळीवर खरंच आटोक्यात आहे का, तेही बघा.

फळा_खडू:

तीन आठवड्यांनी येतेय, शाळेत चाचण्या होत्या. सगळ्यांचे आभार.

कराडच्या डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यांनी ॲस्पिरिन थांबवून ॲपिक्साबॅन पुन्हा सुरू करायला सांगितलं. सकाळी आठ आणि रात्री आठ, मोबाईलला गजर. गुडघ्याची गोळी त्यांना सांगितलीच नव्हती, ती बंद झाली. आता गुडघ्याला शेक. इको पुन्हा नीट वाचून घेतला: झडपा चांगल्या, डावा वरचा कप्पा ४१ मिलिमीटर, म्हणजे किंचित मोठा. बीपी सकाळचं १४८ निघालं. मी इतकी वर्षं फक्त संध्याकाळी मोजायचे. दुसरी गोळी जोडलीय.

घोरण्याचं विचारल्यावर नवरा जो हसायला लागला तो थांबेचना. मुलाने मागच्या वर्षी केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा निघालं, घरच्या ग्रुपवर फिरत होतं म्हणे, मी सोडून सगळ्यांकडे.

ॲब्लेशनला नाही म्हटलेलं नाही. पुण्यातच दुसऱ्या ईपी डॉक्टरांकडे गेले, प्रश्न वहीत लिहून. त्यांनी चित्र काढलं (सोलकढी, तुमची आठवण झाली!). म्हणाले, आधी झोपेची तपासणी, वजन पाच-सहा किलो खाली, बीपी ताब्यात, मग दिवाळीच्या सुट्टीत ठरवू. तोपर्यंत धडधडीची नोंद ठेवायची.

परवा बीपीच्या यंत्रावर ते बदामाचं चिन्ह पुन्हा लुकलुकलं. पहाटे ३:१०, ठोके १३२, चाळीस मिनिटं. या वेळी सेल नाही बदलले, वहीत लिहिलं.

आता एकच विचारायचंय: झोपेची तपासणी घरी यंत्र देऊन करतात असं कळलं. सातारा-कराड भागात कुणी करून घेतली असेल तर कुठे आणि किती खर्च आला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.