मदत हवी आहे: वकील आहे म्हणून बहिणीला क्रेडिट कार्ड नाकारलं

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण साताऱ्यात ११ वर्षं वकिली करते. गेल्या महिन्यात एका खासगी बँकेतून आपणहून फोन आला, 'मॅडम, तुमच्यासाठी कार्ड आहे.' तिने पॅन, आधार, ३ वर्षांचे रिटर्न, सगळं दिलं. सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण) ७८२. स्कूटरचं कर्ज कधीच फिटलं, एकही हप्ता चुकला नाही. व्हिडिओ केवायसीत व्यवसाय विचारला, तिने सांगितला. दोन दिवसांनी मेसेज आला: 'अंतर्गत धोरणानुसार अर्ज नामंजूर.' शाखेत विचारलं तर तिथले साहेब हळूच म्हणाले, 'ताई, वकिलांची फाइल पुढे जातच नाही.'

वकील, पोलीस, पत्रकार यांना द्यायला बँका कचरतात हे ऐकून होतो. वसुलीला गेलं तर हेच उलट नोटीस पाठवतील, ही भीती. घरच्या माणसावर आलं तेव्हा फार लागलं. वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी रात्री अकराला डिपॉझिट भरायला तिला धावाधाव करावी लागली होती, म्हणून तिला कार्ड हवं होतं.

बँकेने कुणालाही नाही म्हणू नये, असं माझं म्हणणं नाही. क्रेडिट कार्ड म्हणजे विनातारण उधारी, बुडाली तर बँकेचीच बुडते. पण माणूस बघून नाही म्हणा, त्याचा काळा कोट बघून नको. आणि कारण तरी सांगा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांबाबत काढलेल्या निर्देशांत स्पष्ट होतं की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. 'अंतर्गत धोरण' हे नेमकं कारण कसं झालं?

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहायचं ठरवलंय. असं लेखी कारण कुणी मिळवलंय का? आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) जाऊन उपयोग होतो का?

प्रतिसाद १
बँकेत २६ वर्षं काढली, म्हणून स्पष्ट लिहितो. कार्ड द्या असा आदेश लोकपालांकडून मिळेल ही आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या लोकपाल योजनेत बँकेचा व्यावसायिक निर्णय हा विषय त्यांच्या कक्षेबाहेर ठेवला होता. पण लेखी कारण न देणं ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रारीचा भर तिथेच ठेवा. आधी बँकेला लिहा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मग लोकपाल. दरम्यान चार ठिकाणी अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलच्या अहवालात नोंदली जाते आणि स्कोअर घसरतो. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघा. तातडीची गरज असेल तर एफडीवरचं (मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं) कार्ड घ्या, तिथे व्यवसायाची फारशी अडचण येत नाही.

धागाकर्ता
काका, मनापासून आभार. एफडीचं तिला सुचवलं होतं. 'माझेच पैसे अडकवून माझ्यावर विश्वास ठेवणार का?' म्हणाली, आणि मला उत्तर देता आलं नाही. तरी वडिलांसाठी ते घ्यायला लावतो. पत्रात 'कार्ड द्या' हा मुद्दा काढून फक्त लेखी कारण मागतो. मसुदा आज रात्री इथे टाकतो, कृपया एकदा नजर घाला.