नागपूरच्या मधल्या फळीसाठी ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा : रोख बक्षीस हवंच का?

मानेवाड्याचा मोहरा (धागाकर्ता):
रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टर नागपूरचेच. २०२५ मध्ये दिव्या देशमुखनं बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि लेकरांच्या क्लासेसना तर उधाणच आलं. आमच्यासारख्या मधल्या फळीचं काय? खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत २००० रेटिंगवाला समोर येतो नि पंचवीस चालींत घरी पाठवतो. म्हणून लिचेस या फुकट बुद्धिबळाच्या साइटवर, रॅपिड (जलद डावांचं) रेटिंग १७०० पर्यंत असलेल्यांसाठी रविवारी स्विस घ्यायचा विचार आहे, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे समोरासमोर. पाच फेऱ्या, १५+१० (प्रत्येकाला १५ मिनिटं, वर दर चालीला १० सेकंद). फी नाही, रोख बक्षीसही नाही. पैसा आला की बाजूच्या मोबाईलवर इंजिन (चाली सुचवणारा प्रोग्राम) सुरू होतं, हे माझं स्पष्ट मत.

तिरका उंट:
बक्षीस नाही तर येणार कोण बाप्पा? फुकटात नाव देणारा दोन डाव हरला की तर्री-पोहे खायला निघून जातो, आणि समोरचा घड्याळ संपायची वाट पाहत बसतो. पन्नास रुपये का होईना, फी ठेवा. खिशातून गेले की माणूस टिकतो.

धरमपेठी प्यादं:
फीचं नंतर पाहू, आधी वेळ पाहा. १५+१० मध्ये साठ चाली झाल्या तर एक डाव पन्नास मिनिटांचा. स्विसमध्ये शेवटचा डाव संपल्याशिवाय पुढची फेरी लागत नाही. म्हणजे चार तास सहज गेले. रविवारी घरच्यांना काय सांगू? दीड तासाची एरिना घ्या ना, तेवढ्या वेळात जमतील तितके डाव.

मानेवाड्याचा मोहरा:
एरिनात भराभर डाव उरकणाऱ्याची चांदी. वर जादा गुणासाठी ‘बर्सर्क’ बटण दाबून स्वतःचं घड्याळ अर्धं करणारे आहेतच. आपले लोक एक प्यादं जास्त असलेला, फक्त हत्ती-प्यादी उरलेला शेवटचा टप्पा घाईतच घालवतात, तिथं विचार करायला मिळावं म्हणून तर हा खटाटोप. १०+५ वर येतो, डाव अर्ध्या तासात. १०+० मात्र नको. लिचेस त्याला रॅपिड म्हणत असलं तरी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या हिशेबात ते ब्लिट्झच, म्हणजे रॅपिडहून झटपट.

महालचा हत्ती:
ऑनलाइन स्पर्धेला मी स्पर्धाच मानत नाही. मोहऱ्याला हात लावला की तेच चालवायचं, ही शिस्त माऊसनं येते का? हॉल घ्या.

तिरका उंट:
काका, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत हॉलवर कोण येऊन राहिलं? आणि भाडं? ऑनलाइनला वर्धा-भंडाऱ्याचेही खेळतील. मला खटकते ती रेटिंगची अट. १८००वाला मुद्दाम चार डाव हरून आत शिरेल.

मानेवाड्याचा मोहरा:
लिचेस मागच्या आठवड्यातलं सर्वात वरचं रेटिंग धरतं. आदल्या रात्री हरून भागत नाही.

धरमपेठी प्यादं:
पण नवं खातं १५०० वरच सुरू होतं. २०००वाला नव्या नावानं आला तर? किमान पन्नास रेटेड रॅपिड डावांची अट घालाच.

मानेवाड्याचा मोहरा:
ती अट मान्य. फी-बक्षिसावर मात्र हटत नाही. चोरी पकडली जाते, खातंही बंद होतं, पण कधीकधी स्पर्धा संपून दोन दिवसांनी. तोवर यूपीआयनं गेलेले पैसे परत कोण मागणार, तुम्ही?

तिरका उंट:
मग आठवडाभर थांबून द्या ना बक्षीस! एवढं सोपं आहे. नाहीतर पाचव्या फेरीला किती जण उरतात ते मोजायला मी येतोच, खेळायला नाही आलो तरी.