अंधारात हंडा भरायची सवय पुढे कामाला आली, तुमचं असं काही आहे का?

कोरडवाहू
आमचं गाव लातूरकडचं. लहानपणी उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, ते पण रात्री दोन-तीनला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेलेली. अंधारात हंडा किती भरला दिसत नाही आणि पाणी सांडलं की आईचा धपाटा ठरलेला, म्हणून कान लावून बसायचो. आधी घुमल्यासारखा जाड आवाज येतो, मग बारीक होत जातो आणि गळ्यापाशी आलं की एकदम चढतो, की लगेच नळी दुसऱ्या हंड्यात. पुढे बारावीला रेझोनन्स ट्यूबचं प्रॅक्टिकल होतं, ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून ट्यूबमधली हवा किती लांबीला सगळ्यात जोरात घुमते ते शोधायचं, बाकीची पोरं ट्यूब वरखाली करत बसलेली आणि मी दोन मिनिटांत १६ सेंटिमीटरच्या जवळ आणून ठेवली 😄 सरांना वाटलं कुणाच्या तरी जर्नलमधून रीडिंग ढापलं. हवेचा स्तंभ आखूड झाला की आवाज चढतो हे पुस्तकात नंतर वाचलं, कानाला आधीच माहीत होतं. तुमचं असं काही?

कोपीतली
आईबाप ऊसतोडीला, बीडहून दिवाळीनंतर निघायचो, शाळा तेवढी बुडायची. मजुरी टनावर. तोडलेला ऊस उन्हात राहिला की वाळून वजन घटतं, त्यामुळे कारखान्याच्या गेटवर गाड्यांची रांग लांबली की बापाचा जीव वरखाली व्हायचा, उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची असायची ना. आता मी भाजीपाल्याच्या गोदामात सुपरवायझर आहे. पहिल्याच आठवड्यात बघितलं, पालक-मेथीचे टेम्पो तीन-तीन तास उन्हात उभे आणि मग काटा. मी म्हटलं आधी काटा करा, मग उभे करा रांगेत. मॅनेजर म्हणे ही आयडिया कुठल्या कोर्समध्ये शिकलात मॅडम 😂

बहात्तरचा_साक्षीदार
१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. मायबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, सुकडी आणि पाऊस पडल्यावर तरोट्याची भाजी, त्या मिलोचं नाव काढलं तरी अजून घशाखाली घास उतरत नाही. पण दगड कळला. दगडाला नस असते, त्या अंगानं हातोडी बसली तर एका घावात फुटतो, नाहीतर नुसता हात झिणझिणतो. २००४ ला घर बांधलं तेव्हा पहिलाच ट्रक परत पाठवला, निम्मी खडी चपटी पापडासारखी. ठेकेदार चिडला, तुम्हाला काय कळतं म्हणाला. इंजिनिअरला बोलावलं तर तोही म्हणाला चपटी नको, काँक्रीट कमजोर होतं.

रागीट_पाहुणा
मी पण त्याच जिल्ह्यातला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली आमच्यावर, त्याचं काय कौतुक? हंडे मी पण वाहिले, मला फक्त मानेचं दुखणं मिळालं. आणि माझ्या ताईची शाळा सातवीत सुटली ती पाण्यापायीच, तिला कुठलं आलंय प्रॅक्टिकल.

कोरडवाहू
@रागीट_पाहुणा खरंय, कौतुक नाहीच करत. आमच्याकडेही रात्री मी एकटा उठायचो, दिवसा हापशावर मात्र बहीणच. तिला विचारलं आत्ता फोन करून, ती म्हणे आवाजाचं मलाच तर तू विचारलं होतंस पहिल्यांदा 🙈

कोपीतली
प्लॅस्टिकच्या घागरीत पण कळतं का?

कोरडवाहू
कळतं, पण बद्द येतो. पितळेची बेस्ट.