कॉलेज फुटबॉल प्लेऑफ: बारा संघ पुरेत, सोळा-चोवीस नकोत

कोलंबसकर:

अमेरिकेत राहणारी बरीच मराठी मंडळी आता शनिवारी कॉलेज फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) बघतात, म्हणून हा धागा. जे बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विद्यापीठांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत २०२५ च्या हंगामात १३६ संघ होते. प्रत्येकाच्या वाट्याला १२ सामने, तेही बहुतेक आपापल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे विद्यापीठांच्या ठरलेल्या गटातल्या संघांशी. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही, म्हणून शेवटी १३ जणांची निवड समिती क्रमवारी लावते आणि प्लेऑफचे, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांचे संघ ठरवते. २०१४ च्या हंगामापासून चार संघ घेत, २०२४ पासून बारा घेतात. पाच जागा कॉन्फरन्स विजेत्यांना, उरलेल्या सात समितीच्या पसंतीने. २०२६ मध्येही बाराच राहणार हे त्या वर्षीच्या जानेवारीत ठरलं, पण पुढचं भांडण मिटलेलं नाही. एसईसी आणि बिग टेन या दोन सगळ्यात बलाढ्य कॉन्फरन्स. एसईसीचा कल सोळाकडे आहे, बिग टेनवाले चोवीस म्हणतात.

माझं म्हणणं, बारावर थांबा.

३० नोव्हेंबर २०२४ ला मी कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये होतो, आमच्या ओहायो स्टेट संघाच्या मैदानावर. मिशिगनविरुद्धचा सामना. आमच्या गावात वर्ष या एका शनिवारावरून मोजतात. त्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारलेली असते. मिशिगन त्या वर्षी पाच सामने हरून आलेलं, आम्ही दुसऱ्या क्रमांकावर. ४५ सेकंद उरले असताना त्यांनी फील्ड गोल (लाथेने मारलेला तीन गुणांचा गोल) मारला आणि १३-१० ने जिंकले. ओळीने चौथ्यांदा. माझ्या शेजारची जागा सत्तरीच्या एका गृहस्थांची आहे, कित्येक वर्षं ते तीच जागा घेतात. सामना संपला तरी ते उठेनात. हातमोजे काढत होते, पुन्हा घालत होते. खाली मैदानात मिशिगनच्या पोरांनी झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. ते तिकडे बघतसुद्धा नव्हते.

सात आठवड्यांनी, २० जानेवारीला, त्याच ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मी घरात नाचलो. पुढच्या सप्टेंबरात ते गृहस्थ भेटले तेव्हा म्हणाले, करंडक आला हे खरं, पण तो शनिवार अजून घशाखाली उतरत नाही.

मला हेच टिकायला हवं आहे. चार संघांच्या काळात त्या हरण्याने आमचा हंगाम तिथेच संपला असता. बारामध्ये संपला नाही, पण किंमत मोजावी लागली. आठवं मानांकन मिळालं, पहिल्या फेरीच्या सुट्टीची संधी गेली, कडाक्याच्या थंडीत टेनेसीशी एक जादा सामना खेळावा लागला. चोवीस संघ घेतले तर नोव्हेंबरात कुणी हरलं काय आणि जिंकलं काय, फरक पडणार नाही. याची चुणूक आत्ताच दिसते आहे. ६ डिसेंबर २०२५ ला बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियाना आणि ओहायो स्टेट, दोघेही १२-० (बारा जिंकलेले, हरलेला एकही नाही), समोरासमोर आले. इंडियाना १३-१० ने जिंकली. सामना अप्रतिम झाला, पण दोघांचीही प्लेऑफची जागा आधीच पक्की होती आणि ते बघताना जाणवत होतं.

ऑस्टिनवासी:

दादा, तुमचं दुःख समजतं, पण निष्कर्ष पटत नाही. मी टेक्सासचा. २०२५ चा हंगाम आमच्या पोरांनी कुठून सुरू केला? तुमच्याच मैदानात. ३० ऑगस्टला कोलंबसमध्ये ७-१४ ने हरलो. तो सामना खेळायची सक्ती कुणी केली नव्हती. त्या दिवशी एखादा लिंबूटिंबू संघ घरी बोलावून पन्नास गुणांनी झोडपला असता तर आमचा हिशेब ९-३ ऐवजी १०-२ झाला असता.

पुढचं ऐका. टेक्सास ए अँड एम तोपर्यंत अपराजित होतं, त्यांना आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस २७-१७ हरवलं. ते सातव्या मानांकनाने आत. ओक्लाहोमाला २३-६ हरवलं. ते आठव्या मानांकनाने आत. आम्ही तेरावे, म्हणून घरी. आता सांगा, मोठ्या संघाशी कॉन्फरन्सबाहेरचा सामना ठरवायची हिंमत पुढे कोण करेल? ऑगस्टचे असले सामने हीच तर या खेळाची शान आहे. सोळा संघ असतील तर ते टिकतील. बारामध्ये हळूहळू सगळे सोपे सामने शोधायला लागतील. नियमित हंगामाची काळजी तुम्हालाही आहे आणि मलाही, फक्त तुम्ही नोव्हेंबर बघता आणि मी ऑगस्ट.

कोलंबसकर:

मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण दुसरा पराभव लपवू नका! फ्लोरिडाशी २१-२९ ने हरलात, आणि तो संघ वर्षअखेर ४-८ वर होता. टेक्सासला बाहेर आमच्या सामन्याने ठेवलं नाही, फ्लोरिडाच्या सामन्याने ठेवलं. ती एक दुपार महाग पडली, आणि पडायलाच हवी.

डोंबिवली_ते_ब्लूमिंग्टन:

मी इंडियाना विद्यापीठात शिकलो. आमच्या वेळी फुटबॉलच्या तिकिटाला मित्र नको म्हणायचे. शंभराहून अधिक वर्षांत सगळ्यात जास्त हरलेल्या संघांत आमचं नाव. बास्केटबॉलसाठी गाव जागं व्हायचं, फुटबॉलच्या दिवशी लोक मैदानाबाहेर गाड्यांपाशी मांस भाजत बसायचे आणि मध्यंतरानंतर आत जायचे नाहीत.

२०२४ मध्ये बारा संघ झाले आणि आम्ही दहाव्या मानांकनाने आत आलो. नोटर डेमने २७-१७ हरवलं. तेव्हा टीव्हीवर काय काय बोलले! इंडियानाची लायकी नव्हती, जागा फुकट गेली, वगैरे. चारच संघ असते तर आमचं नावसुद्धा निघालं नसतं. पण त्या एका रात्रीमुळे देशातल्या चांगल्या खेळाडूंना कळलं की ब्लूमिंग्टनला जाऊन प्लेऑफ खेळता येतं. पुढच्या वर्षी प्रशिक्षक कर्ट सिग्नेटींचा तोच संघ सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. आमच्या फर्नांडो मेंडोझाला हाइजमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा करंडक मिळाला. अंतिम सामन्यात आम्ही मायामीला २७-२१ हरवलं, आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी हमसून हमसून रडलो.

आणि मायामी तरी कोण होतं? दहावं मानांकन, समितीच्या पसंतीची शेवटची जागा. काठावरून आत आलेला संघ अंतिम फेरीत सहा गुणांनी हरला. मग शेवटच्या दोन जागा कॉन्फरन्स विजेत्यांना गेल्याने अकराव्या क्रमांकावरून बाहेर राहिलेलं नोटर डेम किंवा बारावं बीवाययू (ब्रिगम यंग विद्यापीठ) काय करू शकलं असतं, हे कुणी छातीठोक सांगेल का? दार आणखी उघडा.

अॅन_आर्बर:

मिशिगनच्या बाजूने कोलंबसकरांना अनुमोदन. त्या शनिवारी मी पाहुण्यांच्या कोपऱ्यात होते. सहा महिने कॉफीबरोबर तो फील्ड गोल पुन्हा पुन्हा पाहिला. तो सामना हरूनही बिघडत नाही असं झालं, तर जिंकण्यातही काही राहणार नाही.

न्यू_ऑर्लिन्स_वरून:

सगळे मोठ्या संघांचंच बोलताय. मी टुलेन विद्यापीठाच्या गावात राहते. २०२५ मध्ये आमचा संघ आणि जेम्स मॅडिसन, असे दोन छोटे आत आले. आम्हाला ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाने) ४१-१० धुतलं, आणि सप्टेंबरात त्याच मैदानावर ४५-१० ने हरलो होतोच. जेम्स मॅडिसन ऑरेगनकडून ५१-३४ ने हरले. लगेच ओरड सुरू झाली की छोट्यांना कशाला घेता. २०२४ च्या पहिल्या फेरीत चारही पाहुणे संघ दहा किंवा जास्त गुणांनी हरले आणि ते चौघे मोठ्या कॉन्फरन्सचेच होते, हे मात्र कुणाला आठवत नाही.

म्हणून 'जास्त संघ' म्हटलं की मी आधी विचारते, कुणाचे? बिग टेनने मांडलेल्या सोळाच्या एका आराखड्यात बिग टेन आणि एसईसीला चार-चार राखीव जागा होत्या, एसीसी आणि बिग १२ या बाकीच्या दोन मोठ्या कॉन्फरन्सना दोन-दोन, आणि आमच्यासारख्या उरलेल्या साठ-सत्तर संघांना मिळून एक. राखीव म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच ठरलेल्या! २०२६ पासूनच्या करारात प्लेऑफच्या पैशातला सुमारे २९ टक्के वाटा एसईसीला आणि तेवढाच बिग टेनला जातो. पैसे घेतलेच आहेत, आता जागाही हव्यात.

क्रिकेटमध्ये आपण हे पाहिलं आहे. २०११ च्या विश्वचषकात आयर्लंडने बंगळुरूला इंग्लंडच्या ३२७ धावा पार केल्या, सगळं स्टेडियम केव्हिन ओब्रायनसाठी उभं होतं. तरी २०१९ ला विश्वचषक दहा संघांवर आणला आणि आयर्लंड बाहेर राहिलं. आकडा वाढवा नाहीतर कमी करा, टेबलाभोवती मोठेच बसले असतील तर छोट्याची खुर्ची आधी जाते. मला बारा चालतील, सोळाही चालतील. राखीव जागा मात्र अजिबात नकोत.

गणिताच्या_बाई:

मी एका विद्यापीठात खेळाडू विद्यार्थ्यांची संख्याशास्त्राची शिकवणी घेते. मला क्रमवारीतलं कळत नाही. डिसेंबर काय असतो ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, दर मंगळवारी संध्याकाळी सातला यायचा. खांद्याला बर्फाची पिशवी चिकटपट्टीने बांधलेली. बर्फ वितळून पाणी वहीवर ठिबकायचं, तो बाहीने पुसायचा आणि 'सॉरी मॅम' म्हणून पुढचं गणित सोडवायचा. उजवा खांदा दुखायचा म्हणून डाव्या हाताने लिहायला शिकला होता. सत्रपरीक्षा आणि त्यांचा मोठा सामना एकाच आठवड्यात आला. एक पेपर त्याने परगावच्या हॉटेलच्या खोलीत दिला.

२०२४ मध्ये अंतिम फेरीतले दोन्ही संघ प्रत्येकी १६ सामने खेळले. चार संघांच्या काळात जास्तीत जास्त १५ व्हायचे, त्याआधी १४. प्रत्येक वाढीव फेरी कुणाच्या तरी गुडघ्यावर आणि डोक्यावर जाते. त्यातून वेळापत्रकाचा गोंधळ वेगळा. प्लेऑफ चालू असतानाच २ जानेवारीला खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जायची मुदत सुरू होते. २०२५ ला ओल मिसचे प्रशिक्षक लेन किफिन प्लेऑफच्या आधीच एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) निघून गेले. टुलेन आणि जेम्स मॅडिसनच्या प्रशिक्षकांनी नवी नोकरी घेतलेली होती आणि तरी ते जुन्या संघाला खेळवत होते. मुलांनी कुणाकडे बघायचं? आधी हे नीट लावा, मग संघ वाढवा.

ऑस्टिनवासी:

बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उत्तर द्यायलाच हवं. खालच्या एफसीएस श्रेणीत कितीतरी वर्षं २४ संघांचा प्लेऑफ आहे. तिथली मुलंही परीक्षा देतात. २०२५ च्या हंगामात इलिनॉय स्टेट बिनमानांकित आलं, परगावी चार सामने जिंकलं आणि अंतिम सामन्यात मोंटाना स्टेटकडून जादा वेळेत ३४-३५, एका गुणाने हरलं. तिथे कुणी म्हणत नाही की नियमित हंगाम मेला. त्यांच्या बहुतेक कॉन्फरन्समध्ये अंतिम सामना नसतो, म्हणून जागा होते. आपल्याकडेही तो सामना काढून टाका. कोलंबसकर स्वतःच म्हणतात की त्यात आता जीव उरला नाही. अलाबामा तो २८-७ हरलं, तरी नववं राहिलं. बीवाययू ३४-७ हरलं आणि अकराव्यावरून बाराव्यावर घसरून बाहेर राहिलं. एकाच प्रकारच्या पराभवाला दोन न्याय असतील तर तो सामना हवाच कशाला?

गणिताच्या_बाई:

सामना काढून त्या जागी फेरी येणार असेल तर ओझं तेवढंच राहतं, हे पटलं. पण लिहून घ्या कुणीतरी. टीव्हीचा करार सहा वर्षांचा, ७.८ अब्ज डॉलरचा आहे. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याचे पैसे वेगळे मिळतात. तो सामना कोण सोडणार?

कोलंबसकर:

बाईंच्या शंकेचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तिथेच माझं मत बरंचसं अडलेलं आहे. ऑस्टिनवासींचा ऑगस्टचा मुद्दा दिवसभर डोक्यात होता. उद्या ओहायो स्टेटने असे सामने रद्द केले तर मला वाईट वाटेल.

म्हणून एवढं सरकतो. कॉन्फरन्सचे अंतिम सामने आधी बंद होणार असतील, राखीव जागा नसतील आणि पहिली फेरी विद्यापीठांच्याच मैदानांवर राहणार असेल, तर सोळावर मी भांडणार नाही. टेनेसीच्या त्या सामन्याला मी होतो. दक्षिणेतून नारिंगी कपड्यांत हजारो लोक आलेले, तोंडातून वाफा निघतायत, शेजारचे तेच गृहस्थ आमच्या तिसऱ्या टचडाऊनला उभे राहिले. पहिल्या पंधरा मिनिटांत २१-०. भाड्याच्या बंदिस्त स्टेडियममध्ये ही मजा नाही. ही फेरी आणखी चार गावांना मिळत असेल तर मिळू दे.

चोवीसला मात्र नाही. सात-पाच किंवा आठ-चारचा संघ आत आला तर मिशिगनच्या सामन्याला दुखरे खेळाडू बसवून ठेवतील. ते मला बघायचं नाही.

अॅन_आर्बर:

शेवटच्या वाक्याला पुन्हा अनुमोदन.

ऑस्टिनवासी:

चोवीसला मीही नाही. सप्टेंबर २०२६ मध्ये तुमचा संघ परतीच्या सामन्याला ऑस्टिनला येतोय. नियम बाराचाच, म्हणजे जो हरेल त्याला नोव्हेंबरपर्यंत ते पुरेल. तिकिटं मिळाली तर तुम्ही आणि ते शेजारचे काका दोघेही या, राहायला घर आहे. हातमोजे लागणार नाहीत, उन्हाची टोपी आणा.