'वेळ नव्हता' हे कारण टिकत नाही

युद्धात एकेकाची चौकशी करायला सवड नसते, म्हणून संशय असलेला अख्खा समाजच डांबून ठेवणं भाग पडतं, असं म्हटलं जातं. पटत नाही. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका बघा. जपानचे बॉम्ब पडले तिच्या हवाई बेटांवर, पर्ल हार्बरवर. तिथे एक तृतीयांशाहून जास्त लोक जपानी वंशाचे. त्यांतले जेमतेम टक्काभर स्थानबद्ध झाले. सगळ्यांना उचललं असतं तर बेटांचा कारभारच ठप्प झाला असता, हे त्यामागचं एक मोठं कारण. आणि दोन हजार मैलांवरच्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मात्र 1942 मध्ये जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 जणांना छावण्यांत कोंडलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. म्हणजे अडलं की सवड सापडते!

कोर्टावर भिस्त ठेवावी, तर कोरेमात्सू खटला आहेच: किनारा सोडायचा हुकूम न पाळल्याबद्दल जपानी वंशाच्या या अमेरिकन नागरिकाला दोषी ठरवलं गेलं होतं. माणूस पाहून ठरवा, वंश पाहून नको, असा नौदलाच्या गुप्तचर विभागातल्याच अधिकाऱ्याचा अहवाल होता. सरकारी वकिलांनी तो सर्वोच्च न्यायालयापुढे येऊच दिला नाही. 1944 चा निकाल सरकारच्या बाजूने लागला; दडवलेले कागद सापडल्यावर 1983 मध्ये कोरेमात्सूंची शिक्षा रद्द झाली. (आपणही 1962 मध्ये चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत पाठवलंच की.)

संसदेच्या कायद्याशिवाय नागरिकाला स्थानबद्ध करता येणार नाही, असा कायदा अमेरिकेने 1971 मध्ये केला. माझ्या मते ते अर्धंच काम. संसदही घाबरते. स्थानबद्धाला ठरावीक मुदतीत आपल्यावरचा आरोप कळला पाहिजे, आणि मूळ अहवाल न्यायाधीशांनी स्वतः वाचले पाहिजेत, हवं तर बंद दाराआड.