मदत हवी आहे : २०१२ साली चोरीला गेलेली वडिलांची बंदूक परराज्यातल्या पोलिसांकडे आहे, परत कशी मिळेल?

फैजपूरची लेक :

नमस्कार मंडळी. कोर्ट, पोलीस खातं किंवा शस्त्रपरवान्याच्या कामाची माहिती असणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचावं. लांबलं आहे, पण कागद आणि साल सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

माझं माहेर रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीचे बाग डोंगराला लागून, त्यामुळे रानडुकरं आणि रोही यांचा त्रास पिढ्यान्‌पिढ्यांचा. माझ्या वडिलांकडे, अप्पांकडे, परवान्याची बारा बोअरची डबल बार (दोन नळ्यांची) बंदूक होती. मूळ आजोबांची, नंतर परवाना अप्पांच्या नावे झाला. अप्पांनी ती कधी मिरवली नाही. वरातीत बार काढायला बंदूक मागायला लोक यायचे, अप्पा त्यांना चहा पाजून हात जोडून परत पाठवायचे.

२०१२ च्या भाऊबीजेला आम्ही सगळे मामांकडे असताना घरफोडी झाली. आईची पोत, रोख रक्कम आणि बंदूक गेली. काडतुसं वेगळी कुलपात होती म्हणून वाचली. अप्पांनी लगेच फिर्याद दिली, भादंवि ४५७ आणि ३८० खाली गुन्हा दाखल झाला. बंदुकीचा नंबर आणि परवाना क्रमांक दोन्ही एफआयआरमध्ये आहेत. चोर सापडले नाहीत, पुढे ‘ए’ समरी होऊन फाइल बंद झाली. अप्पा तरी ठाण्यात विचारायला जात राहिले. त्यांना पोतीचं किंवा पैशांचं काही नव्हतं. आपल्या नावावरच्या बंदुकीने कुठेतरी कुणाचा जीव जाईल, हा एकच घोर त्यांना लागला होता. २०२१ मध्ये अप्पा गेले.

आणि आता, या उन्हाळ्यात, आमच्या ठाण्यातून फोन आला. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात २०२३ साली दरोड्याच्या तयारीच्या गुन्ह्यात काही जणांना पकडलं, त्यांच्याकडे एक डबल बार मिळाली. नंबर कानशीने घासलेला होता, तो प्रयोगशाळेने वाचला. तो आमच्या २०१२ च्या गुन्ह्यातला आहे का, असं विचारणारं पत्र इकडे आलंय. नंबर तंतोतंत जुळतो. तिकडचा खटला अजून चालू आहे.

ठाण्यात एक जण म्हणाले, “परवाना संपला, माणूस गेला, आता ती सरकारजमा होणार, नाद सोडा ताई.” दुसरे म्हणाले, कलेक्टर ऑफिसला जा. तिथे गृह शाखेत सांगितलं, आधी कोर्टाचा आदेश आणा. आई सत्तरीच्या पुढे आहे, तिला घेऊन मी कुठे कुठे फिरू?

माझ्याकडे एफआयआरची नक्कल, परवान्याचं मूळ पुस्तक आणि अप्पांचा मृत्यूदाखला आहे. शिवाय २००९ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या आहेत, त्यांवर नंबर स्पष्ट आहे. खरेदीची पावती मात्र नाही.

आमच्यापैकी कुणाकडेच आज परवाना नाही, तरी आम्ही मागणी करू शकतो का? अर्ज इकडच्या कोर्टात करायचा की तिकडच्या? आणि निकाल लागला की बंदूक खरंच नष्ट करतात का?

तापीकाठ :

टेन्शन लेऊ नको ताई, काम व्हयी. वकील मंडळी बोलतीलच. तोवर त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख ठाण्यातून लिहून घ्या. आणि तुमचा प्रत्येक अर्ज बारनिशीत (आवक टपाल घेतात तिथे) देऊन पोहोच घ्या. तोंडी विचारलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

धुळेकर वकील :

ताई, आधी एक गाठ सोडवू. मालकी वेगळी आणि परवाना वेगळा. परवाना हे शस्त्र बाळगायची परवानगी आहे, तो अप्पांबरोबर संपला. बंदूक ही अप्पांची मालमत्ता होती, ती वारसांकडे आली. तुम्हाला “नाद सोडा” म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकच धरल्या. कोर्ट ठरवेल बंदूक कुणाची. कलेक्टर, म्हणजे जिल्हादंडाधिकारी, ठरवतील ती कुणी जवळ ठेवायची. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात ते यामुळेच. तेव्हा दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करा.

कोर्टाचं. बंदूक ज्या खटल्यात मुद्देमाल आहे, तिथल्याच कोर्टात अर्ज करावा लागतो, म्हणजे मध्य प्रदेशात. खटला चालू असताना मुद्देमालाचा ताबा मागायचं कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४५१ होतं, निकालाच्या वेळच्या विल्हेवाटीचं ४५२. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हीच कलमं ४९७ आणि ४९८ आहेत. तिकडचा गुन्हा २०२३ चा. नव्या संहितेच्या कलम ५३१ ने त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास आणि खटले जुन्या कायद्याखाली चालू ठेवले आहेत. अर्जात दोन्ही कलमं लिहा, म्हणजे त्या मुद्द्यावर तारीख पडणार नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकालही जोडा. मुद्देमाल विनाकारण वर्षानुवर्षं ठाण्यात पडू देऊ नये, पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन हक्कदाराला द्यावा, असं त्यात सांगितलंय.

आता खरं सांगतो. हत्यार साक्षीदारांना दाखवायचं असतं, त्यामुळे खटला संपेपर्यंत ताबा द्यायला कोर्ट बहुधा तयार होणार नाही. तरीही अर्ज आत्ताच करा. आरोपींवर शस्त्र अधिनियमाचं कलम २५ लागलेलं असणार. त्याखाली शिक्षा झाली तर कलम ३२ प्रमाणे कोर्ट हत्यार सरकारजमा करू शकतं. निकालपत्राच्या शेवटी एक ठरावीक ओळ येते : “मुद्देमाल बंदूक अपिलाची मुदत संपल्यावर नियमानुसार विल्हेवाटीसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी.” ती ओळ लिहिताना समोर कुणाचाच हक्काचा अर्ज नसेल, तर न्यायाधीशांना वारसांचं कळणार तरी कसं? ही चोरीची बंदूक आहे, मूळ परवानाधारकाने २०१२ मध्येच फिर्याद दिली होती आणि वारस हयात आहेत, हे निकालाआधी रेकॉर्डवर येणं हीच तुमची सगळी लढाई आहे. ताबा आज नाकारला तरी चालेल, अर्ज फाइलमध्ये राहिला पाहिजे. उलट आदेश झालाच, तर विल्हेवाटीच्या आदेशावर अपील करता येतं. एरवीही असा आदेश दोन महिने अमलात आणत नाहीत आणि अपील दाखल झालं तर ते निकाली निघेपर्यंत थांबतात.

दुसरी वाट इकडची. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाले नाहीत. आता माल मिळालाय. तेव्हा २०१२ च्या गुन्ह्याचा पुढील तपास सुरू करावा, असा लेखी अर्ज तुमच्या ठाण्याला द्या आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना द्या. तपास उघडला तर तिकडचा खटला संपल्यावर बंदूक इकडच्या गुन्ह्यात मागवून घेता येते. मग ताब्याचा अर्ज रावेरच्याच कोर्टात चालेल आणि आईंची दगदग वाचेल.

फैजपूरची लेक :

वकीलसाहेब, मनापासून आभार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावून सांगितलं. पण परवान्याचं काय? आदेश झाला आणि घ्यायला जाणाऱ्याकडे परवानाच नसेल तर?

धुळेकर वकील :

बरोबर पकडलंत. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ वारसांसाठी आहे. परवानाधारक वारल्यावर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. बाकी वारसांची ना-हरकत, वारसाचा पुरावा, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी लागते. शेतीच्या संरक्षणाचं कारण तुमच्याकडे खरंच आहे, सातबारा जोडा. घरात दुसरी शस्त्रं असतील तर लक्षात ठेवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन, आणि वारसाने आलेलं शस्त्रही त्यातच मोजतात. परवाना मिळाला तर आता पाच वर्षांचा असतो.

परवाना हाती येईपर्यंत बंदूक कुणीही घरी आणायची नाही, एक रात्रसुद्धा नाही. कोर्टाकडेच मागा की मालकी वारसांची मान्य करून ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा तुमच्या ठाण्यात जमा ठेवावी. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये अशी जमा ठेवायची सोय आहे. मात्र जमा ठेवून विसरायचं नाही. ठरलेल्या मुदतीत परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर त्याच कलमाखाली जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात.

निवृत्त मुद्देमाल कारकून :

ताई, मी खात्यात असताना बरीच वर्षं मुद्देमालाचं रजिस्टर सांभाळलंय. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी खोलीतलं सांगतो.

तिकडच्या ठाण्यातून दोन आकडे मिळवा, गुन्हा रजिस्टर नंबर आणि मुद्देमाल नंबर. नुसती “डबल बार” म्हणून विचारलंत तर कुणी कपाट उघडणार नाही. आरोपपत्र दाखल झालं की कधी हत्यार कोर्टाच्या मालखान्यात जातं, कधी ठाण्यात राहतं, कधी प्रयोगशाळेतून परत यायचंच बाकी असतं. तिन्हीकडे विचारा. ठाण्याचं नाव आणि गुन्हा नंबर मिळाला की ई-कोर्ट्सवर खटल्याची पुढची तारीख घरबसल्या दिसते.

दुसरं, ओळख. नंबर ठोकताना लोखंड खोलवर दबतं, म्हणून वरून घासलं तरी रसायन लावून तो वाचता येतो. शिवाय बहुतेक डबल बारवर नंबर एकाच जागी नसतो. बंदूक मोडून उघडली की नळ्यांच्या बुडाच्या सपाट भागावर आणि पुढच्या लाकडी मुठीच्या लोखंडावरही असतो. चोर वरचा घासतो, आतला राहून जातो. ओळख पंचनाम्यात या जागा उघडून बघायला सांगा. दस्त्यावरची चीर, बदललेला खिळा, पट्ट्याची कडी, आईंना आठवत असेल ते आधी कागदावर उतरवून ठेवा. निवडणुकीच्या त्या पावत्या जपा. खरेदीची पावती नसली तरी नंबर लिहिलेला खुद्द पोलिसांचा कागद आहे तो.

शहाद्याचा शेतकरी :

एक विचारू का ताई? राग मानू नका. एवढ्या वर्षांनी गंजलेलं हत्यार येणार. ते वापरायचंय की फक्त घरी हवंय? आमच्याकडे वडिलांच्या पश्चात आम्ही बंदूक परवानाधारकाला विकली. विकण्याआधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, बाकी अडचण आली नाही.

फैजपूरची लेक :

राग कसला दादा, योग्यच विचारलंत. मला ती चालवायची नाही. भाऊ शेती करतो, त्याला परवाना मिळाला तर तो ठेवेल, नाहीतर आम्हीही रीतसर विकू. पण ती अप्पांच्या वारसांची म्हणून कागदावर यावी आणि मग आम्ही ठरवावं. दरोडेखोरांकडे सापडलेलं बेवारस हत्यार म्हणून ती भंगारात जावी, हे मला सहन होणार नाही. ज्या माणसाने तिच्यातून वरातीत एक बार काढू दिला नाही, त्याच्या नावापुढे तेवढंच लिहिलेलं राहील.

तापीकाठ :

अजून दोन गोष्टी. अप्पांच्या परवान्यावर क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल, तर भावाला नवा परवानाही बहुधा तसाच मिळेल, आणि तो घेऊन मध्य प्रदेशात बंदूक ताब्यात घेतली तर तिथेच परवान्याबाहेर जाल. म्हणून आदेशातच मागा की बंदूक पोलिसांमार्फत तुमच्या ठाण्यात पोहोचवावी. सीमेवर हल्ली तपासणी कडक असते. उमर्टीकडच्या गावठी कट्ट्यांमुळे चोपडा, शिरपूरच्या रस्त्यांवर गाड्या उघडून बघतात.

आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर अर्जदार आईंना करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिकडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, वकील त्याच कोर्टातला मिळेल.

फैजपूरची लेक :

हे तर माहीतच नव्हतं. आईच्या नावाने अर्ज लिहायला घेते, भावाची ना-हरकत जोडते. तिकडच्या ठाण्याकडून गुन्हा नंबर तोंडी मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकारात मागता येईल का?

धुळेकर वकील :

येईल, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण त्याची वाट बघू नका. इकडे आलेल्या पत्रात गुन्हा नंबर असणारच. त्या पत्राची प्रत फिर्यादीच्या वारस म्हणून तुमच्याच ठाण्यात उद्या लेखी मागा. मिळाली की तपशील इथे टाका, ताब्याच्या अर्जाचा मसुदा मी तपासून देतो.