मंडळीत सेवा करतोय खरी, पण नेमकी कशासाठी?

किटलीवाला (कोल्हापूर) विचारतो:

सलाम सगळ्यांना. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, शिफ्टची नोकरी. गेली अकरा वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना सुटली की चहा माझ्याकडे. रोजच्या रविवारी ऐंशी कप, नाताळात अडीचशेच्या घरात. शिवाय खुर्च्या, सतरंज्या, दुसऱ्या शनिवारी सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी खिचडी. मंडळीचं नाव सांगत नाही, उगाच घरातलं भांडण चव्हाट्यावर नको.

गेल्या महिन्यात रात्रपाळी उरकून तसाच गेलो. झोपेत साखर दोनदा पडली. एका ज्येष्ठ सभासदांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "आज पाक केलायस काय रे?" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र बायकोवर खेकसलो. ती शांतपणे म्हणाली, "तुला करायला सांगितलंय कुणी?"

उत्तर सुचलं नाही. पाठ केलेलं उत्तर आहे हो, बायबलमधलं मार्क 10:45, मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, सेवा करून घ्यायला आला नाही, करायला आला. ते मी झोपेतही म्हणेन. पण त्या दिवशी मला सेवा करायची नव्हती, कुणीतरी 'छान झालाय' म्हणायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जास्त जुनी आणि जास्त टोचणारी. 2019 चा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका, त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलेलं. हायवे शिरोलीजवळ बंद, म्हणून कंपनी बंद, म्हणून मी मोकळा. एका शाळेत चिखली गावची पूरग्रस्त माणसं आणून ठेवली होती, तिथं भाकरी-पिठलं वाढत होतो. एका आजोबांनी ताट हातात घेतलं आणि हळूच विचारलं, "हे खाल्ल्यावर तुमच्यात यायला लागतंय का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी खाल्लं. पण नंतर आमच्या वार्षिक अहवालात त्याच शाळेचा फोटो आला आणि खाली 'इतक्या कुटुंबांपर्यंत सुवार्ता (म्हणजे ख्रिस्ताचा संदेश) पोहोचली' असं छापलं होतं. मग मी आजोबांना खोटं बोललो की अहवाल खोटं बोलला?

तर प्रश्न असा: मंडळीत किंवा बाहेर, आपण दुसऱ्यासाठी राबतो ते कशासाठी?

रविवारचा वर्ग:

बंधू, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, कृत्यांनी नाही (इफिस 2:8-9). पण पुढचंच वचन सांगतं की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. म्हणजे सेवा ही किंमत नाही, कृतज्ञता आहे. 1 पेत्र 4:10 पाहा. प्रार्थनेत राहा.

किटलीवाला:

वचनं बरोबर आहेत, मान्य. पण कृतज्ञतेने केलेल्या चहाबद्दल कुणी हसलं तर राग यायला नको होता ना? मला आला.

जुना सभासद:

फोटोवरचा वाद एकट्या तुमच्या मंडळीचा नाही, या शहरातला तो फार जुना वाद आहे. अमेरिकन मिशनरी रेव्ह. रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाचा सूर असा, की शाळांवर एवढी शक्ती कशाला, मुख्य काम उपदेशाचं. वाइल्डरना शाळा हव्या होत्या. त्यांनी 1861 मध्ये या विषयावर पुस्तकच छापलं, बोर्डापासून वेगळे झाले आणि पुन्हा इथंच येऊन बसले. म्हणजे 'भाकरी की सुवार्ता' हे भांडण पंचगंगेच्या काठी दीडशे वर्षांहून जास्त वेळ चाललंय.

शास्त्रातही पाहा. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, कुरकुर सुरू झाली, मग सात जण निवडले. आता गंमत अशी, की तिथं अन्न वाढायला आणि वचनाच्या सेवेला मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, दियाकोनिया. आपला 'दीकन' (मंडळीतला सेवक) हा शब्द त्याच घरातला. तेव्हा तुमची किटली आणि पाळकसाहेबांचा उपदेश एकाच शब्दात बसतात. उपदेशाला कुणी 'आज पाक झालाय' म्हणत नाही, एवढाच फरक. (कधी कधी म्हणायला हवं.)

पंचगंगाकाठ:

मी ख्रिश्चन न्हाई, चुकून हितं आलो. पण 2019 ला ताट घेणाऱ्या बाजूला होतो, म्हणून लिवतो. चिखलीचा न्हाई, शहरातलाच.

दादा, त्या आजोबांचं चुकलं न्हाई. त्या आठ दिसांत कोण कशापायी आलंय हेच आम्ही बघत होतो. एक गट आला, बिस्किटाचा पुडा दिला आणि हात सोडंना, मोबाइल लागंस्तोवर. माझ्या आईनं पदर तोंडावर घेतला. तिला पुडा नको झाला. पक्षवाले आले, मंडळवाले आले, सगळ्यांनीच फोटो काढले, तुमचेच तेवढे वाईट असं काय न्हाई.

नळाला पाणी नव्हतं, टँकरला रांग. पण खरी माणसं कळली ती पूर ओसरल्यावर. घरात ढोपरभर चिखल आणि वास असला की जेवण जाईना. जेवण द्यायला शंभर जण होते, चिखल काढायला चार. त्या चौघांतला एक गळ्यात क्रूस घातलेला पोरगा होता. त्यानं आईची शिलाई मशीन बाहेर काढली, रॉकेलनं पुसली, तेल घातलं. नाव सांगितलं न्हाई, आम्हीबी विचारलं न्हाई. मशीन अजून चालतीया.

निवृत्त सिस्टर:

बाळा, मी मिरजेला नर्सिंग शिकले. डॉ. वॉनलेस यांचं ते हॉस्पिटल 1894 चं. तिथं आम्हाला पहिल्या वर्षी बेडपॅन धुवायला लावायचे. मला वाटायचं, ही माझी सेवा. नंतर तीस वर्षं नोकरी केली आणि त्यानंतर कंबरेचं हाड मोडून स्वतः पलंगावर पडले. एका विशीतल्या मुलीने माझा बेडपॅन उचलला तेव्हा मी तिला रागावले. ठेव तो, मी बघते म्हणाले. उठता येत नव्हतं, तरी.

तेव्हा योहानाचा तेरावा अध्याय, प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो, मला पहिल्यांदा नीट कळला. आपण सगळे तिथं प्रभूकडे बघतो, टॉवेल आणि घंगाळाकडे. त्या शिष्यांतल्या पेत्राकडे बघ. माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत, असं तो म्हणतो. ती नम्रता नव्हे, मी त्याला अहंकारच म्हणेन. माझ्यातला अगदी तसाच होता. आणि ज्यांचे पाय धुतले त्यांत दगा देणारा यहूदाही होता. तो उठून गेला तो नंतर. म्हणजे धुण्याचा परिणाम काय होईल याचा हिशेब ठेवून ते घंगाळ भरलेलं नव्हतं. तुमच्या अहवालवाल्यांना हे वाचून दाखव.

आता तुला विचारते, रागावू नको. अकरा वर्षांत त्या किटलीला दुसऱ्या कुणाचा हात लागलाय का? कुणी "मी करतो" म्हटलं तर तू काय म्हणतोस?

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मुली-बायका केडगावला आणल्या. त्यांना नुसतं खाऊ घालून बसवलं नाही. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता, तिथं त्याच बायकांच्या हातात छपाईचे खिळे दिले. बाईंनी केलेलं मराठी बायबल त्या बायकांनी जुळवलं. ज्याला वाढलं त्याला उद्या वाढायला उभं करायचं, मला वाटतं सेवेचा हेतू तिथं कुठंतरी आहे. तू ऐंशी माणसांना अकरा वर्षं नुसतं खुर्चीत बसवून ठेवलंयस.

रविवारचा वर्ग:

सिस्टर, हे जरा कडक झालं. त्याच्या कष्टांची किंमत आहे.

निवृत्त सिस्टर:

आहे म्हणून तर एवढं लिहिलं. नाहीतर 'छान झालाय' म्हणून मोकळी झाले असते.

किटलीवाला:

दोन आठवडे गप्प होतो. सिस्टर, पहिल्या दिवशी तुमचा राग आला. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी तरुण संघातला एक मुलगा मदतीला आला होता. त्याला मी म्हणालो होतो, "तू बस, तुला प्रमाण कळायचं नाही."

अहवालाचं पाळकसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, पुढच्या वेळी फोटोच नको. खालच्या ओळीबद्दल काही म्हणाले नाहीत, तो विषय मी सोडलेला नाही. पंचगंगाकाठ, तुमच्या आईंना सलाम सांगा. मी त्या चौघांत नव्हतो. पाणी ओसरल्यावर कंपनी सुरू झाली आणि मी कामावर गेलो.

काल त्या मुलाला कपाटाची चावी दिली. आता तो बारावीला आहे. मी तिसऱ्या रांगेत बसलो. बायको शेजारी होती, तिला हसू आवरत नव्हतं. मुलगा ट्रे घेऊन आला, कप माझ्या हातात दिला आणि तिथंच उभा राहिला, तोंडाकडे बघत.

आलं घालायचं विसरला होता. मी अजून अर्धा कप मागितला.